बटण दाबण्याआधी : सर्व्हरचं कर्नेल का कोसळलं, हे शोधताना

(अमरावती येथे तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मला आयोजकांनी ‘तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. संधींवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मी एका कामाबद्दलच बोलतो. गर्दीच्या वेळी वेबसाइटचा सर्व्हर अचानक मरतो, तेव्हा तो का मेला हे शोधायचं काम. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात हे करणारी माणसं कमी आहेत. ‘रिस्टार्ट करा’ म्हणणारी मात्र प्रत्येक ऑफिसात सापडतात.

आधी एक गोष्ट मोकळी करतो. ‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आपण चार-पाच वेगवेगळ्या आजारांसाठी वापरतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता पान उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा मशीन जिवंत असतं. रांग लांब आहे, एवढंच. कधी सर्व्हर ठणठणीत असतो आणि रस्ताच बंद असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद केलं गेलं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. शहरातल्या एखाद्या खोलीत ठेवलेला सर्व्हर तेव्हा बाहेरून मेल्यासारखाच दिसणार. म्हणून पहिला प्रश्न हाच, की मशीन बंद आहे की मशीनपर्यंतची वाट? दुसऱ्या गावातल्या मित्राला फोन करून विचारलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

वाट चालू आहे, लॉगिनही होतं, पण साइट नाही. मग नव्वद टक्के वेळा प्रकरण मेमरीचं असतं. हा आकडा कुठल्या अभ्यासातला नाही, माझा अंदाज आहे. हिशोब साधा आहे. पीएचपीची एक प्रक्रिया ८० एमबी खाते आणि कोणीतरी सेटिंगमध्ये १५० प्रक्रियांना परवानगी देऊन ठेवली. १५० गुणिले ८० म्हणजे १२,००० एमबी, जवळपास १२ जीबी. मशीनमध्ये आहेत ८. रोज वीस-तीस प्रक्रिया चालतात म्हणून वर्षभर काही होत नाही. प्रवेशाच्या पहिल्या दिवशी सगळ्या दीडशे उठतात, मेमरी संपते, आणि कर्नेल स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा बळी देतं. तो बहुधा डेटाबेस असतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ असं स्वच्छ लिहिलेलं सापडतं. इथे कर्नेल कोसळलेलं नाही, उलट तेच शुद्धीवर होतं.

आता खऱ्या विषयाकडे. कर्नेल म्हणजे गर, जसा बदामाच्या आतला. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा सगळ्यात आतला भाग. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड, कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ मिळणार, सगळं त्याच्या हातात. एखादा प्रोग्रॅम चुकला तर कर्नेल त्याला बाहेर काढतं आणि बाकीचे चालत राहतात. पण चूक कर्नेलच्याच आत झाली, तर बाहेर काढणारं कोणी उरत नाही. कधी ते ‘ऊप्स’ म्हणून नोंद करतं आणि लंगडत पुढे जातं, कधी ‘पॅनिक’ म्हणून जागेवर थांबतं. काही वेळा मरतही नाही. एखादा प्रोसेसर एकाच जागी फिरत बसतो आणि ‘सॉफ्ट लॉकअप, २२ सेकंदांपासून अडकलाय’ असा संदेश येत राहतो.

आणि मग कोणीतरी येतं नि बटण दाबतं.

बटण दाबलं की मेमरी पुसली जाते. मरताना कर्नेल काय करत होतं, कोणी त्याला तिथे नेलं, हे सगळं मेमरीत होतं. डिस्कवर त्यातलं काहीच नसतं, कारण कोसळलेल्या कर्नेलला डिस्कवर लिहिण्याचीही शाश्वती नसते. पाच मिनिटांत साइट चालू होते, साहेब खूश होतात, आणि का झालं या प्रश्नाला फक्त अंदाज उरतात. तो अंदाज कोणावर जाऊन पडतो, ते आता सांगतो.

अमरावतीतल्या एका शिक्षण संस्थेचं प्रवेशाचं काम ऑनलाइन चालतं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. जूनमध्ये त्यांचा सर्व्हर आठ दिवसांत पाच वेळा पडला. खोलीत कंत्राटावर एक ऑपरेटर होती, अकोल्याच्या जुन्या शहरातली मुलगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. पाचही वेळा तिचीच पाळी चालू होती. दहा ते सहा तीच बसायची, मग दुसऱ्या कोणाची असणार? पण ऑफिसात बोलणं सुरू झालं. ती काहीतरी चुकीचं दाबते. ती पेनड्राइव्ह लावते. त्यातून आणखी एक सूर निघाला, जो या सभागृहात उलगडून सांगायला नको; ‘ह्या लोकांच्या हातात डेटा द्यायचाच कशाला’ इतपत. महिनाअखेरीस तिला कमी करायचं जवळजवळ ठरलं होतं. मला बोलावलं ते नवा सर्व्हर कोणता घ्यायचा हे विचारायला. मी म्हटलं, घ्या हो, पण आधी हा का पडतो ते बघू. जुन्या मशीनचा रोग सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तो नव्यातही जाईल.

तिथे पहिला पुरावा मशीनमध्ये नव्हताच, तो तिच्या वहीत होता. कोणी न सांगता तिने प्रत्येक वेळची नोंद ठेवली होती. ११:४२, १:४१, १२:४३, अशा. कॉम्प्युटरवर किती फॉर्म उघडे होते, पंखा चालू होता की नाही, लाइट गेली होती का, हेही. मला म्हणाली, “भाई, मी रिस्टार्ट करायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढायला गेले, तर सर ओरडले की आधी चालू कर.” पाचपैकी एकच फोटो निघाला होता, तोही हललेला.

वऱ्हाडात पहिला संशय वीज आणि उष्णता यांच्यावरच घ्यावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि सर्व्हरच्या खोलीत लोक पाण्याचा कूलर लावतात. माणसाला बरा, मशीनला वाईट. ओलावा आणि धूळ दोन्ही आत ढकलतो. मेमरीच्या पट्टीत दोष आला किंवा प्रोसेसर तापला तरी कर्नेल कोसळतं. ते ओळखायची एक ढोबळ खूण आहे. दर वेळी वेगळ्याच जागी कोसळत असेल, कधी फाइल वाचताना, कधी नेटवर्कमध्ये, कधी काहीच चालू नसताना, तर हार्डवेअरकडे बघा. मेमटेस्ट रात्रभर चालवा, मेमरीच्या दुरुस्त्यांची नोंद मशीनच्या लॉगमध्ये तपासा. दर वेळी एकाच जागी कोसळत असेल तर दोष बहुधा कोडमध्ये आहे. आणि वीज गेल्यावर कर्नेल काहीच बोलत नाही, लॉग वाक्याच्या मध्येच तुटतो. त्या एकुलत्या हललेल्या फोटोत ‘कर्नेल पॅनिक’ एवढी अक्षरं वाचता येत होती. म्हणजे त्या दिवशी तरी वीज गेलेली नव्हती. यूपीएसच्या नोंदीही तेच सांगत होत्या.

पण कोणत्या जागी, हे फोटोतून कळेना. त्यासाठी केडंप बसवला.

केडंप ही फार हुशारीची युक्ती आहे. मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी, समजा २५६ एमबी, बाजूला राखून ठेवायची आणि तिच्यात दुसरं, छोटं कर्नेल झोपवून ठेवायचं. मोठं कर्नेल पॅनिक झालं की ते शेवटचं काम म्हणून या धाकट्याला उठवतं. धाकटं उठतं ते राखीव जागेतच, त्यामुळे थोरल्याची मेमरी जशीच्या तशी पडलेली असते. मग ते शांतपणे ती सगळी डिस्कवर उतरवतं आणि मशीन पुन्हा सुरू करतं. उतरवलेल्या फाइलला व्हीएमकोअर म्हणतात. लिनक्समध्ये हे २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत आलं. त्यावरचा निबंध त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स परिषदेत वाचला गेला. लेखक तीन : विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ. नावं मुद्दाम सांगतोय. कर्नेल हे कुठल्या तरी दूरच्या देशात गोऱ्या लोकांनी लिहिलेलं काही असतं, असा आपल्या मुलांचा समज असतो.

केडंप बसवून भागत नाही, तो चालतो का हे बघावं लागतं. म्हणजे चालू कर्नेल मुद्दाम पाडावं लागतं. त्यासाठी लिनक्समध्ये एक सोय आहे, सिसआरक्यूच्या मार्गाने ‘सी’ हे एक अक्षर पाठवलं की कर्नेल तिथल्या तिथे पॅनिक होतं. संस्थेच्या सचिवांना हे पटवताना मला कर्नेलपेक्षा जास्त कष्ट पडले. “चांगला चाललेला सर्व्हर तुम्ही पाडणार?” शेवटी इशाच्या नमाजनंतर, साइटवर कोणी नसताना, दहा मिनिटं मिळाली. पाडला, उठला, फाइल जागेवर. ज्याने हे केलं नाही त्याचा केडंप ऐनवेळी हमखास दगा देतो. राखीव मेमरी कमी पडते, नाहीतर डिस्कवर जागा नसते.

मग वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पावणेबाराच्या सुमारास सर्व्हर पडला. या वेळी फाइल मिळाली.

व्हीएमकोअर वाचायला ‘क्रॅश’ नावाचंच साधन आहे. त्याला त्या कर्नेलच्या नेमक्या त्याच आवृत्तीची डीबग माहिती द्यावी लागते. आवृत्तीत एका आकड्याचाही फरक चालत नाही. उघडल्यावर सगळ्यात आधी लॉग बघायचा आणि त्यातला पहिला ऊप्स शोधायचा. शेवटचा नाही. एक चूक झाली की तिच्या मागे दहा येतात, आणि स्क्रीनवर उरते ती दहावी. मग येतो कॉल ट्रेस. वरच्या ओळीत कर्नेल जिथे मेलं ते फंक्शन, खालच्या ओळीत त्याला कोणी बोलावलं, त्याच्या खाली त्याला कोणी, असं उतरत जायचं.

तुमच्यापैकी कोणी हदीसचा थोडा अभ्यास केला असेल तर ही रचना ओळखीची वाटेल. मतन एका बाजूला आणि सनद दुसऱ्या बाजूला. ही गोष्ट कोणी सांगितली, त्याला कोणी, त्याला कोणी. आणि प्रत्येक रावीबद्दल स्वतंत्र चौकशी. कर्नेलच्या ट्रेसमध्ये काही ओळींआधी प्रश्नचिन्ह असतं. त्याचा अर्थ असा, की हा पत्ता स्टॅकवर सापडला खरा, पण तो साखळीतला आहेच याची खात्री नाही. कर्नेल स्वतःच सांगतं, ही कडी ज़ईफ आहे. नवशिका नेमका त्याच ओळीवर गूगल करत बसतो. ट्रेसच्या वर आणखी एक शेरा असतो, ‘टेंटेड’, आणि पुढे अक्षरं. ‘पी’ म्हणजे खासगी मालकीचं मॉड्यूल घातलेलं आहे, ‘ओ’ म्हणजे कर्नेलच्या मूळ झाडाबाहेरून आणलेलं, ‘ई’ म्हणजे सही नसलेलं, ‘एम’ म्हणजे प्रोसेसरने आधीच हार्डवेअरची तक्रार नोंदवली आहे. हा निकाल नव्हे, चौकशी कुठून सुरू करायची त्याची खूण आहे. उपमा इथेच सोडतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत मौलानासाहेब मला धरतील.

आमच्या ट्रेसमध्ये पी, ओ, ई तिन्ही होते. वरून दुसऱ्या ओळीपासून सलग चार ओळी एकाच मॉड्यूलच्या. ते मॉड्यूल होतं बॅकअपच्या एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं. ते दर तासाला डिस्कचं चित्र घ्यायचं. किती वाजता? प्रत्येक तासाच्या ४० व्या मिनिटाला. तिची वही उघडली. ११:४२, १:४१, १२:४३.

रोज दर तासाला बॅकअप होत होता, मग रोज सर्व्हर का पडत नव्हता? या जातीच्या दोषाला शर्यत म्हणतात. दोन प्रोसेसर एकाच वस्तूवर काम करतात. एक ती वापरून टाकून देतो, दुसऱ्याला ती टाकल्याचं कळलेलं नसतं, तो तिथेच हात घालतो. दोघांच्या वेळा जुळल्या तरच अपघात. डिस्कवर लिखाण कमी असेल तर त्या वर्षभरात जुळत नाहीत. शेकडो फॉर्म एकाच वेळी येतात तेव्हा जुळतात. म्हणजे ‘गर्दी झाली की पडतो’ हे सचिवांचं निरीक्षण खरं होतं. निष्कर्ष चुकीचा होता. गर्दीने फक्त दोष उघडा केला. नवा, जास्त प्रोसेसरचा सर्व्हर घेतला असता तर तो कदाचित लवकरच पडला असता.

आणि हा बॅकअप दिवसाच का? रात्री जनरेटर बंद असतो म्हणून कोणीतरी कधीकाळी वेळ बदलून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा केली होती. नेमकी त्या मुलीच्या पाळीची वेळ.

दुसऱ्या वेळी सर्व्हर पडला तेव्हा ट्रेस तंतोतंत तोच आला. मी दोन नमुने हातात येईपर्यंत कंपनीला लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर पहिलं उत्तर ‘सर्व्हरवर लोड जास्त आहे’. ट्रेसचा मजकूर पाठवल्यावर मात्र त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला. ते मॉड्यूल काढलं, बॅकअप साध्या मार्गाने पहाटेला नेला, आणि प्रवेश संपेपर्यंत सर्व्हर पडला नाही. एका वेळी एकच बदल केला, त्यामुळे कशाने थांबला याबद्दल वाद उरला नाही. त्या मुलीचं कंत्राट वाढलं. तिची माफी कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाहेरचं सॉफ्टवेअर होतं म्हणून. नाही, मूळ कर्नेलही चुकतं, आणि फार शिकवून जातं. दोन-तीन प्रसंग सांगतो.

१७ जून २०१९ ला एक दोष जाहीर झाला, त्याला ‘सॅक पॅनिक’ म्हणतात. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी तो शोधला. इंटरनेटवर डेटा तुकड्यांनी जातो, आणि कुठले तुकडे पोचले हे समोरचा कळवतो. लिनक्स पाठवायचा माल एका गठ्ठ्यात बांधतं. एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १७ भाग, प्रत्येक ३२ केबीपर्यंत. समोरच्याने मुद्दाम सांगितलं की मला अगदी बारीक, ८ बाइटचे तुकडे द्या, तर १७ गुणिले ३२,७६८ भागिले ८, म्हणजे ६९,६३२ तुकडे होतात. मोजायचा डबा १६ बिटांचा, त्यात मावतात ६५,५३५. डबा ओसंडतो, कर्नेलला विसंगती दिसते आणि ते पॅनिक होतं. जगातल्या कोणत्याही कोपऱ्यातून, पासवर्डशिवाय, तुमचा वेब सर्व्हर पाडता येत होता. हा दोष २.६.२९ आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून तिथेच होता. पॅच लावेपर्यंत ‘सॅक’ बंद करून काम भागत होतं. गुणाकार-भागाकार येतो तो हा दोष समजू शकतो. गणिताला घाबरू नका म्हणतो ते यासाठी.

दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. काही जुन्या कर्नेलमध्ये मशीन न थांबता २०८ दिवस चालली की घड्याळाचा हिशोब ओसंडायचा. दोनाचा ५४ वा घात इतके नॅनोसेकंद म्हणजे साधारण २०८.५ दिवस. त्यानंतर मशीन कोसळू शकायची. २०१२ च्या सुमारास हे दुरुस्त झालं. विचार करा, २०९ व्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं? त्याने त्या दिवशी केबल हलवली असेल, एखादी फाइल टाकली असेल. ऑफिसला लगेच गुन्हेगार सापडला असेल.

आणि १ जुलै २०१२. जगाच्या घड्याळात त्या दिवशी एक जादा सेकंद घातला गेला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजत होते. लिनक्सच्या टायमरचा त्या सेकंदाशी मेळ बसला नाही, आणि अनेक सर्व्हरचे प्रोसेसर जागच्या जागी गरगरत राहिले. रेडिटसारख्या मोठ्या साइट अडखळल्या. बऱ्याच ठिकाणी उपाय काय होता, तर मशीनची तारीख होती तीच पुन्हा सेट करणं.

शिकायचं असेल तर महागडा कोर्स लागत नाही. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाका, केडंप बसवा, पाडा आणि डंप वाचा. मग पुन्हा पाडा. इंग्रजीची अडचण होईल, पण ट्रेसमध्ये इंग्रजी कमी आणि फंक्शनची नावंच जास्त असतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना हे कॉलेजच्या पुस्तकापेक्षा सोपं गेलेलं मी पाहिलंय. पुण्यात रेड हॅटसारख्या कंपन्यांमध्ये हेच वाचण्याचा पगार मिळतो.

आता एक गोष्ट, जी ह्या चळवळीच्या व्यासपीठावरून सांगितलीच पाहिजे. व्हीएमकोअर म्हणजे मशीनची मेमरी. त्या क्षणी ज्यांचे फॉर्म उघडे होते त्यांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्याचा मजकूर, डेटाबेसचा पासवर्ड, यातलं काहीही त्यात असू शकतं. डंप छोटा करणारं ‘मेकडंपफाइल’ प्रोग्रॅमची पानं गाळू शकतं, पण नेटवर्कच्या बफरमध्ये काही राहतंच. मी लोकांना असा डंप ड्राइव्हवर टाकून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये लिंक पाठवताना पाहिलंय, ‘भाऊ, जरा बघतो का’ म्हणून. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी त्या मुलामुलींनी आपली माहिती प्रवेशासाठी दिली होती, तुमच्या ग्रुपसाठी नाही. ज्यांच्या दाखल्यांवर रोज नवे प्रश्न विचारले जातात त्यांना याचा अर्थ मी सांगायला नको.

म्हणून डंपची फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा. बाहेर पाठवायची वेळ आली तर ट्रेस आणि लॉगचा मजकूर पाठवा, तोही आधी डोळ्यांखालून घालून. पूर्ण डंप कंपनीला द्यावाच लागला तर संस्थेची लेखी परवानगी घ्या. तपास संपला की फाइल पुसा, आणि कोणी कधी पुसली ते वहीत लिहा.

मागे एक हात बराच वेळ वर आहे. विचारा.